उपचार परदेशात, बाळ घरी: नियम शेवटाकडून वाचायचे

ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. सरोगसीचा, म्हणजे दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात आपलं मूल वाढवून घेण्याबद्दलचा, कायदा लागू होण्याआधीच ज्या जोडप्यांनी आपले भ्रूण गोठवून ठेवले होते, त्यांना त्या कायद्यातली वयाची अट लावता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. मथळा वाचून बऱ्याच घरांत आशा पालवली, की चला, वयाची अट गेली एकदाची. ती गेलेली नाही. आज सुरुवात करणाऱ्या जोडप्याला पत्नी २३ ते ५० आणि पती २६ ते ५५ ही मर्यादा जशीच्या तशी आहे.

ज्यांचं वय या चौकटीत बसत नाही, ज्यांचं लग्न झालेलं नाही, ज्यांना एक मूल आधीच आहे, त्यांनी मोबाइलवर दोन-चारदा हा विषय शोधला की जाहिराती सुरू होतात. कुठे जॉर्जिया देशातल्या तिबिलिसीचं क्लिनिक, कुठे सायप्रसचं, कुठे कोलंबियाचं. मजकूर थोड्याफार फरकाने एकच: उपचार कायदेशीर, खर्च आटोक्यात, आणि 'सगळे कागद आम्ही बघू'.

हा लेख त्या 'सगळे कागद'बद्दल आहे. उपचाराचं शास्त्र तिबिलिसीत आणि ठाण्यात फारसं वेगळं नाही. घोडं अडतं ते जवळजवळ नेहमी परतीच्या वाटेवर.

आधी चार शब्द

आयव्हीएफ म्हणजे स्त्रीबीज आणि शुक्राणू प्रयोगशाळेत एकत्र आणून गर्भधारणा घडवणं. आठ ते चौदा दिवस इंजेक्शनं घेऊन स्त्रीबीजं वाढवतात, भूल देऊन ती काढतात, फलित करतात, आणि साधारण पाचव्या दिवशी तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडतात किंवा गोठवून ठेवतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून पहिलं बाळ जन्मलं ते ६ ऑगस्ट १९८६ रोजी, म्हणजे हे तंत्र आपल्याकडे चाळीस वर्षं मुरलेलं आहे.

स्वतःचं बीज, म्हणजे स्त्रीबीज किंवा शुक्राणू, वापरता येत नसेल तर दुसऱ्या व्यक्तीचं घेतात. ती व्यक्ती म्हणजे दाता. आणि गर्भ वाढवण्यासाठी दुसऱ्या स्त्रीचं गर्भाशय लागलं तर ती सरोगसी, ती स्त्री सरोगेट. सरोगेट गर्भारपणाचा मोबदला घेत असेल तर ती व्यावसायिक सरोगसी. औषधोपचार आणि विमा यापलीकडे काहीच घेत नसेल तर परोपकारी.

आपल्याकडे काय चालतं, काय नाही

डिसेंबर २०२१ मध्ये संसदेने दोन कायदे केले, एक आयव्हीएफसारख्या उपचारांसाठी आणि दुसरा सरोगसीसाठी. दोन्ही २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. लोक या दोघांची सरमिसळ करतात, आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो.

आयव्हीएफचा कायदा तुलनेने सैल आहे. स्त्री २१ ते ५०, पुरुष २१ ते ५५. एकट्या स्त्रीलाही हे उपचार घेता येतात. एकट्या पुरुषाला नाही, लग्नाविना एकत्र राहणाऱ्या जोडप्याला जोडपं म्हणून नाही, समलिंगी जोडप्यालाही नाही. स्त्रीबीज देणारी स्त्री २३ ते ३५ वयाची हवी, तिने आयुष्यात एकदाच बीज द्यायचं, आणि त्या वेळीही सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. एका दात्याचं बीज एकाच जोडप्याला.

सरोगसीचा कायदा मात्र घट्ट आवळलेला आहे. फक्त परोपकारी सरोगसी. जोडपं विवाहित, वैद्यकीय कारण सिद्ध झालेलं, आणि हयात मूल नसलेलं. मूल गंभीर आजारी किंवा दिव्यांग असेल तर अपवाद. एकटी स्त्री विधवा किंवा घटस्फोटित असेल आणि ३५ ते ४५ वयाची असेल तरच. सरोगेट विवाहित, स्वतःचं मूल असलेली, २५ ते ३५ वयाची, तीही आयुष्यात एकदाच. तिचा ३६ महिन्यांचा विमा काढायचा, आणि मुलाच्या पालकत्वाचा आदेश न्यायदंडाधिकाऱ्यांकडून आधीच मिळवायचा. पैसे देऊन सरोगसी करून घेणाऱ्या जोडप्याला पहिल्या गुन्ह्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

दात्याच्या बीजाबद्दलचा नियम तर दोन वर्षांत दोनदा फिरला. मार्च २०२३ मध्ये सरकारने सरोगसीत दाता पूर्ण बंद केला. ज्या बाईला जन्मतःच गर्भाशय नाही, बीजही तयार होत नाही, तिच्यासाठी दारच बंद झालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती आली: पती-पत्नीपैकी एकाचं बीज स्वतःचं असावं, दुसरं दात्याचं चालेल. विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीला मात्र स्वतःचंच बीज वापरावं लागतं.

एवढी कडक चौकट कशाला?

कारण २००२ ते २०१५ या काळात आपण स्वतःच 'तो परदेश' होतो. गुजरातमधलं आणंद जसं दुधासाठी प्रसिद्ध, तसंच जगभरच्या जोडप्यांना सरोगेट मिळवून देणारं गाव म्हणूनही प्रसिद्ध झालं. मुंबईतही हा व्यवसाय जोरात होता. गरीब घरातल्या बायका नऊ महिने वसतिगृहात राहायच्या आणि कराराचा कागद बहुधा त्यांना न वाचता येणाऱ्या भाषेत असायचा. नोव्हेंबर २०१५ मध्ये परदेशी जोडप्यांसाठी ही दारं बंद झाली आणि मग कायदा आला.

कायदा करताना लंबक दुसऱ्या टोकाला गेला, असं माझं मत आहे. अविवाहित स्त्रीला आयव्हीएफ चालते पण सरोगसी नाही, याचं पटेल असं कारण मला अजून सापडलेलं नाही. पण त्यावर उतारा म्हणून जॉर्जियातल्या किंवा केनियातल्या बाईचं गर्भाशय भाड्याने घेतलं, तर आणंदची जुनी गोष्ट फक्त पत्ता बदलून पुन्हा घडते, हेही मान्य करायला हवं.

तिथे कायदेशीर आहे ना, मग इथे कसली अडचण?

हा प्रश्न सगळे विचारतात, आणि याचं उत्तर आपल्या ओळखीच्या एका गोष्टीत आहे. आपल्याकडची कितीतरी मुलं एमबीबीएस करायला जॉर्जिया, युक्रेन, रशियाला जातात. पदवी खरी असते, विद्यापीठ खरं असतं, तिथल्या कायद्याने तो मुलगा डॉक्टर झालेला असतो. पण सोलापुरात दवाखाना टाकायचा तर ती पदवी पुरत नाही. इथली परीक्षा, इथले निकष, इथली नोंदणी. शहाणे पालक म्हणून प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाला विचारत नाहीत, भारतातले नियम काय म्हणतात ते आधी बघतात.

मुलाच्या जन्माचंही असंच आहे. एकाच बाळाच्या बाबतीत तीन वेगवेगळे नियम बोलतात: जिथे उपचार होतात तिथले, तुम्ही जिथे राहता तिथले, आणि तुमचा पासपोर्ट ज्या देशाचा आहे तिथले. क्लिनिकला फक्त पहिल्याशी देणंघेणं असतं. जॉर्जियात जन्मदाखल्यावर थेट तुमची नावं लागतात, सरोगेटचं नाव त्यावर नसतं. दाखला हातात पडला की क्लिनिकचं काम संपलं. दुसरा देश तो दाखला वाचून काय म्हणेल, याची हमी ते देऊ शकत नाहीत. ते त्यांच्या हातातच नाही.

याची दोन ढळढळीत उदाहरणं आणंदचीच आहेत. एका जपानी जोडप्याने तिथे सरोगसी ठरवली. स्त्रीबीज अनामिक दात्याचं. बाळ जन्मायच्या महिनाभर आधी नवरा-बायको विभक्त झाले. २५ जुलै २००८ रोजी मुलगी जन्मली तेव्हा तिच्या बाबतीत तीन स्त्रिया होत्या, बीज देणारी, जन्म देणारी आणि जिने मूल मागितलं होतं ती, पण आई म्हणून एकही नाही. वडिलांचा व्हिसा संपला, ते परतले. आजी जपानहून येऊन नातीजवळ राहिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जयपूरच्या पासपोर्ट कार्यालयाने त्या बाळाला पासपोर्टऐवजी ओळखीचा दाखला दिला, जपानने मानवतेच्या आधारावर व्हिसा दिला, आणि नोव्हेंबरमध्ये आजी-नात विमानात बसल्या. 'बेबी मांजी' म्हणून हे प्रकरण कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात.

दुसरं, एका जर्मन जोडप्याचं. जानेवारी २००८ मध्ये जुळं झालं. जर्मनीत सरोगसी चालत नाही, म्हणून जर्मनीने मुलं आपली मानायला नकार दिला. भारत म्हणाला, पालक जर्मन आहेत, मग ही मुलं भारतीय कशी? दोन बाळं, दोन सरकारं, आणि दोन्ही सरकारांनी हात वर केलेले. अखेर दत्तक प्रक्रियेच्या वाटेने ती मुलं २०१० च्या मे महिन्यात घरी गेली. तोवर ती दोन वर्षांची होऊन गेली होती, चालत-बोलत असणार.

आपलं बाळ भारतीय कसं ठरतं?

युरोपातले बहुतेक देश केवळ तिथे जन्म झाला म्हणून कोणाला नागरिकत्व देत नाहीत. अमेरिका देते, पण त्या हक्कावरूनही २०२५ मध्ये कोर्टात वाद सुरू झाले. त्यामुळे बाहेर जन्मलेल्या मुलाची सगळी भिस्त आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यावर असते. डिसेंबर २००४ पासूनचा नियम असा: आई-वडिलांपैकी एक जण भारतीय नागरिक हवा, जन्माची नोंद एक वर्षाच्या आत त्या देशातल्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात व्हायला हवी, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यायला हवं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते.

वाचायला सोपं. पण 'आई-वडील' म्हणजे कोण? १९५५ साली हा प्रश्न कोणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं, आणि पुढेही सरोगसीच्या संदर्भात त्या कायद्यात याची व्याख्या आलेली नाही. त्यामुळे खिडकीपलीकडचा अधिकारी कागद मागतो. मुलाचं बीज दोघांपैकी किमान एकाचं असेल, तर डीएनए अहवाल हा बोलका पुरावा ठरतो. दोन्ही बीजं दात्यांची असतील तर रक्ताचा धागाच उरत नाही, आणि तिथला जन्मदाखला कितीही रंगीत शिक्क्यांचा असला तरी इथे तो एकटा पडतो.

जन्मदाखल्यावर अपोस्टिल करून घ्यावं लागतं. हा एका आंतरराष्ट्रीय करारातून आलेला शिक्का. २००५ पासून भारत त्या करारात आहे, म्हणून करारातल्या दुसऱ्या देशाचा शिक्का आपल्याकडे मान्य होतो. पण हा शिक्का फक्त एवढंच सांगतो की खालची सही खरी आहे. दाखल्यात लिहिलेलं पालकत्व भारताने मान्य केलंय, असं तो म्हणत नाही. एजंट मात्र हे दोन अर्थ सर्रास एकात एक मिसळून सांगतात.

आणि भारताचा सरोगसी कायदा बाहेर जाऊन केलेल्या सरोगसीबद्दल काय म्हणतो? त्यासाठी वेगळं कलम त्यात नाही. कलम नाही म्हणजे मोकळीक आहे, असा अर्थ जाहिरातींत काढलेला दिसतो. मी तो काढणार नाही. भारतात बसून पैसे भरणारा, करार करणारा, इथल्या क्लिनिकातून भ्रूण पाठवणारा माणूस इथल्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो. हे वकिलाला विचारायचं, तेही आगाऊ रक्कम भरण्याआधी.

काही कायदे पाठलाग करतात

बहुतेक देश 'आमच्या हद्दीत करू नका' एवढं म्हणून थांबतात. काही थांबत नाहीत. इटलीने ऑक्टोबर २०२४ मध्ये असा कायदा केला की इटालियन नागरिकाने जगात कुठेही सरोगसी केली तरी तो गुन्हा. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख युरोपर्यंत दंड. तुर्कस्तानात दात्याचं बीज वापरायला बंदी आहेच, त्यासाठी परदेशात जाण्यावरही २०१० च्या नियमाने बंदी आली.

आपल्या लोकांशी जास्त संबंध येतो तो ऑस्ट्रेलियाचा. सिडनीत आणि ब्रिस्बेनमध्ये मराठी मंडळी पुष्कळ आहेत. न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलँड आणि राजधानी कॅनबेराचा प्रदेश, या तिन्ही ठिकाणच्या रहिवाशांनी परदेशात जाऊन व्यावसायिक सरोगसी करणं हा गुन्हा आहे. पासपोर्ट भारताचा आहे म्हणून सुटका नाही. पत्ता तिथला आहे, एवढं पुरतं.

ब्रिटनची तऱ्हा वेगळी. तिथे जन्म देणारीच कायद्याने आई, मग बाळ जगात कुठेही जन्मो आणि दाखल्यावर कोणाचंही नाव असो. ती विवाहित असेल तर सहसा तिचा नवरा वडील! तुम्हाला पालक व्हायचं तर कोर्टातून पालकत्वाचा आदेश घ्यावा लागतो. अर्ज बाळ सहा महिन्यांचं व्हायच्या आत करायचा, आणि सरोगेटची संमती बाळ सहा आठवड्यांचं झाल्यानंतरचीच धरतात. म्हणजे लेस्टरमध्ये राहणाऱ्या जोडप्याने जॉर्जियातून परतताना सरोगेटचा पत्ता आणि फोन हरवून चालत नाही.

नऊ महिन्यांत देश बदलतो

नियम आज काय आहे, एवढं बघून भागत नाही. करार, उपचार, गर्भारपण मिळून वर्ष-दीड वर्ष जातं. तेवढ्यात काय काय घडू शकतं याचा इतिहास फार जुना नाही.

भारताची दारं बंद होऊ लागली तसे एजंट नेपाळला सरकले. तिथल्या सरोगेट बऱ्याचदा भारतातूनच नेलेल्या असत. एप्रिल २०१५ च्या भूकंपात इस्रायलने आपल्या नागरिकांची सरोगसीतून जन्मलेली बाळं विमानाने उचलून नेली, सरोगेट मागे राहिल्या, आणि त्याच वर्षी नेपाळने हे बंद केलं. थायलंडमध्ये २०१४ साली एका ऑस्ट्रेलियन जोडप्याने जुळ्यांपैकी मुलगी नेली, डाउन सिंड्रोम असलेला मुलगा सरोगेटकडेच राहिला. जगभर गहजब झाला आणि २०१५ मध्ये थायलंडने परदेशी जोडप्यांना बंदी केली. मग कंबोडिया, तिथे २०१६ मध्ये बंदी. रशियाने डिसेंबर २०२२ मध्ये. जॉर्जियाच्या पंतप्रधानांनी जून २०२३ मध्ये जाहीर केलं की नव्या वर्षापासून परदेशी लोकांना बंदी. विधेयक रखडलं, पण मधले महिने वाट बघणाऱ्यांनी कसे काढले असतील याचा विचार करा.

कायदा न बदलताही देश बदलतो. मे २०२० मध्ये कोरोनामुळे सीमा बंद असताना कीव्हच्या एका हॉटेलात ओळीने मांडलेल्या पाळण्यांतली चाळीसहून जास्त बाळं जगाने पाहिली. आई-वडील येऊ शकत नव्हते, परिचारिका बाटल्या देत होत्या. दोन वर्षांनी त्याच शहरात नवजात बाळं तळघरात ठेवावी लागली, कारण वर बॉम्ब पडत होते.

म्हणून करारात एक गोष्ट बघायची: मध्येच बंदी आली, युद्ध झालं, क्लिनिक बंद पडलं, तर गर्भार सरोगेटची काळजी कोण घेणार, बाळ कोणाच्या ताब्यात असणार, आणि भरलेले पैसे कुठे जाणार. पॅकेजच्या पत्रकात विमानतळावरून हॉटेलपर्यंतच्या गाडीचा उल्लेख असतो, न्याहारीचा असतो, कधी बाळाच्या पहिल्या फोटोशूटचाही असतो. हा मजकूर नसतो.

'आम्हाला सरोगसी नकोच, फक्त दात्याचं बीज हवंय'

मग तुमचा रस्ता बराच सोपा आहे. बाई स्वतः गर्भार राहते, घरी परतते, बाळंत इथेच होते. जन्मदाखला आपल्या महापालिकेचा. पासपोर्टाचा घोळच नाही. जर्मनीत स्त्रीबीजदानाला बंदी आहे, म्हणून तिथल्या बायका झेक प्रजासत्ताकात आणि स्पेनला जातात, त्या याच वाटेने.

इथे वेगळा प्रश्न येतो, आणि तो पंधरा-वीस वर्षांनी मूल विचारतं. स्पेनमध्ये आणि झेक प्रजासत्ताकात दाता अनामिक असतो. ब्रिटनमध्ये एप्रिल २००५ पासूनच्या दात्यांची ओळख मुलाला १८ व्या वर्षी मिळू शकते. लंडनमध्ये राहणारं जोडपं माद्रिदला जाऊन आलं, तर त्या मुलाला शेजारच्या मुलाला असलेला हक्क नसतो. घरबसल्या होणाऱ्या डीएनए चाचण्यांमुळे अनामिकपणा कितपत टिकेल, ही शंका आहेच.

एका दात्यापासून किती मुलं, यावरही देशागणिक फरक. आपल्याकडे एक दाता, एक जोडपं. ब्रिटनमध्ये दहा कुटुंबं. पण ही मर्यादा त्या देशापुरती असते, आणि बीज निर्यात झालं की मोजणी विस्कटते. २०२५ मध्ये उघड झालं की डेन्मार्कच्या एका शुक्राणुपेढीतल्या दात्यामध्ये कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकदोष होता, आणि त्याचं बीज युरोपातल्या अनेक देशांत वापरलं गेलं होतं, दीडशेहून जास्त मुलांसाठी. दात्याच्या कोणत्या तपासण्या झाल्या, मुलाला पुढे आजार निघाला तर क्लिनिक तुम्हाला कळवणार का, हे लेखी घ्यायचं.

इथे गोठवलेले भ्रूण बाहेर नेता येतात?

भ्रूण उणे १९६ अंशांवर द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. प्रवासासाठी खास डबा असतो. त्याच्या अस्तरात नायट्रोजन शोषून घेतलेला असतो, म्हणजे सांडत नाही, आणि विमानतळावर त्याचा एक्स-रे होऊ नये म्हणून आधीच परवानग्या काढाव्या लागतात. तांत्रिकदृष्ट्या हे रोजचं काम झालंय.

कायद्याने मात्र नाही. भारतातून बीज किंवा भ्रूण बाहेर पाठवणं गुन्हा आहे. अपवाद एकच: स्वतःचे, स्वतःच्या वापरासाठी, आणि आयव्हीएफ-सरोगसीसाठी नेमलेल्या राष्ट्रीय मंडळाच्या परवानगीने. क्लिनिकने 'आम्ही पाठवून देऊ' म्हटलं तर मंडळाचं पत्र दाखवा म्हणायचं. उलट दिशेलाही अडसर आहे: उपचारासाठी परदेशातून भ्रूण आणण्यावर केंद्र सरकारने २०१५ मध्ये बंदी घातली. म्हणून 'आधी तिथे गोठवू, मग सावकाश पुण्यात आणू' हा बेत आखण्याआधी चौकशी करा.

तिथे यश जास्त मिळतं म्हणतात

टक्केवारी ऐकली की विचारायचं: कशाच्या शंभरात? इंजेक्शनं सुरू केलेल्या शंभर बायकांत, की भ्रूण सोडलेल्या शंभरांत? पहिल्या आकड्यात ज्यांची बीजंच मिळाली नाहीत त्याही धरलेल्या असतात, दुसऱ्यात त्या गळून जातात आणि टक्केवारी फुगते. यश म्हणजे काय तेही विचारायचं. रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली की यश, की बाळ घरी आलं की यश? दात्याच्या बीजाचे आकडे नेहमीच चढे असतात, कारण बीज तरुण असतं. ते चाळिशीतल्या बाईला तिच्या स्वतःच्या बीजाचे म्हणून दाखवले जातात. ब्रिटनमध्ये सरकारी नियामक संस्था क्लिनिकवार आकडे प्रसिद्ध करते. जिथे अशी संस्था नाही तिथला आकडा ही जाहिरात समजावी.

एकापेक्षा जास्त भ्रूण सोडले की आकडा वाढतो आणि जुळ्या-तिळ्यांचा धोकाही. त्या धोक्याचं बिल क्लिनिक भरत नाही. ते इथल्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, तुम्ही भरता.

'मुलगाच हवा' म्हणून जाणारे

हेही लिहायला हवं, कारण काही परदेशी पॅकेजं आडवळणाने हेच विकतात. अमेरिकेत भ्रूणाचं लिंग बघून निवडायला केंद्रीय कायद्याने बंदी नाही. आपल्याकडे आहे, आणि तिची सुरुवातच महाराष्ट्राने केली: गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ चा, आपल्या राज्याचा. पुढे १९९४ चा केंद्रीय कायदा आला आणि २००३ पासून गर्भधारणेपूर्वीची निवडही त्यात आली. लिंगनिवडीची भारतात जाहिरात करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मग सेवा कुठल्याही देशात असो. 'फॅमिली बॅलन्सिंग' असं गोंडस नाव दिलं म्हणून गोष्ट बदलत नाही. याबाबत मला दुसरी बाजू ऐकण्यात रस नाही.

उलटा प्रवास

परदेशी असलेली कितीतरी मराठी जोडपी सुट्टीत पुण्या-मुंबईला येऊन आयव्हीएफ करतात. खर्च कमी, भाषा आपली, आई जवळ. यात कायद्याची फारशी अडचण नाही. अडचण वेळेची असते: एक फेरी तीन आठवड्यांत बसवायची म्हणून घाई होते, आणि पुढच्या सोनोग्राफी तिकडच्या डॉक्टरांकडे. सगळे अहवाल, औषधांची मात्रा, किती भ्रूण सोडले, किती उरले, याची सहीची प्रत घेऊन जा. सरोगसी मात्र परदेशी पासपोर्ट असलेल्यांना सहज नाही. भारतीय वंशाच्या जोडप्याला मंडळाची शिफारस लागते, आणि बाकीच्या अटी आहेतच.

रजेचं काय?

हा प्रश्न शेवटी सुचतो, म्हणून शेवटी घेतला. सरोगसीतून आई झालेल्या स्त्रीलाही मातृत्व रजा मिळते, हे २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने महाराष्ट्रातल्याच एका प्राध्यापिकेच्या बाबतीत सांगितलं. २०१७ मध्ये ते कायद्यात आलं: बाळ हातात आल्याच्या दिवसापासून १२ आठवडे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना २०२४ पासून १८० दिवसांपर्यंत.

बाळ हातात येतं तिथे, परदेशात. जन्मदाखला, अपोस्टिल, डीएनए अहवाल, दूतावासाची भेटीची तारीख, नोंद, पासपोर्ट, तिथून बाहेर पडण्याची परवानगी, हे सगळं त्याच १२ आठवड्यांतून जातं. तेवढे दिवस तिथे राहायचा तुमचा स्वतःचा व्हिसा आहे का, तोही बघून ठेवा.